नाट्यगृहाचा इतिहास आणि मुद्राचित्रांची साक्ष

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
१. मुद्राचित्राचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग कसा करावा, हे सांगता येईल.
२. नाट्यगृहाची रचना आणि प्रेक्षकवर्ग यांतील संबंध स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना
विद्यार्थिमित्रहो, नाटकाची संहिता ग्रंथरूपाने टिकते. प्रयोग मात्र त्या रात्रीबरोबर संपतो. पुष्कळदा प्रयोगाची वास्तूही उरत नाही. लंडनमधील कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह २० सप्टेंबर १८०८ रोजी जळाले. पुढे पाच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १८०९ रोजी, ड्रुरी लेन नाट्यगृहही भस्मसात झाले. आगीपासून बचावासाठी तेथे लोखंडी पडदा आणि छतावर पाण्याची टाकी होती. तरीही वास्तू वाचली नाही. तिचे आगीपूर्वीचे अंतरंग आज आपण पाहू शकतो, ते मुद्राचित्रांमुळे.

विषय-विवेचन
रुडॉल्फ अ‍ॅकरमन या प्रकाशकाने १८०८ ते १८१० या काळात ‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’ हा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील १०४ चित्रांत या दोन्ही नाट्यगृहांचा समावेश आहे. ही चित्रे अ‍ॅक्वाटिंट पद्धतीची आहेत. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड चिकटवून तो आम्लात बुडवतात. आम्ल कणांच्या मधल्या जागा कोरते आणि छापताना छायेच्या फिकट-गडद छटा उमटतात. छापलेल्या प्रतीवर नंतर हाताने जलरंग भरले जात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या चित्रांतील वास्तू ऑगस्टस पुजिन यांनी रेखाटली, तर माणसे टॉमस रोलँडसन यांनी. पुजिन वास्तुरेखनात निष्णात होते. रोलँडसन व्यंगचित्रकार होते. म्हणून एकाच चित्रात दोन प्रकारची साक्ष असते. बॉक्सांचे मजले, रंगमंचाची चौकट, पिटातील बाके यांविषयीची साक्ष एका प्रकारची. प्रेक्षकांच्या हावभावांविषयीची दुसऱ्या प्रकारची. दोन्हींना सारखे प्रमाण मानणे योग्य नाही.

चित्र काय सांगत नाही, हेही पाहावे लागते. रॉबर्ट स्मर्क यांनी बांधलेले नवे कॉव्हेंट गार्डन १८ सप्टेंबर १८०९ रोजी उघडले. या नव्या वास्तूचे चित्रही ग्रंथात आहे. त्यात बॉक्सांच्या रांगा शोभिवंत दिसतात. प्रत्यक्षात त्यांपैकी एक मजला श्रीमंतांना वर्षभरासाठी भाड्याने दिलेला होता. पिटाचा दर साडेतीन शिलिंगांवरून चार शिलिंग झाला होता आणि सर्वांत वरच्या गॅलरीतून रंगमंच नीट दिसत नव्हता. प्रेक्षकांनी ६७ रात्री नाट्यगृहातच गोंधळ घालून निषेध केला. अखेर व्यवस्थापक जॉन केंबल यांना पिटाचा जुना दर मान्य करावा लागला आणि खाजगी बॉक्स कमी करावे लागले. चित्रात जी केवळ सजावट भासते, ती प्रेक्षकांच्या दृष्टीने हक्काची बाब होती.

हा विचार मराठी रंगभूमीलाही लागू पडतो. विष्णुदास भावे यांच्या मंडळीने १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील इंग्रजी धाटणीच्या नाट्यगृहात प्रयोग केले. दरानुसार प्रेक्षकांची विभागणी करणारी ही रचना पुढे आपल्याकडे रुळली. ‘पिटातला प्रेक्षक’ हा मराठीतील शब्दप्रयोग तिचीच खूण आहे.

सारांश
मुद्राचित्र नष्ट झालेल्या वास्तूचे रूप जपते. परंतु ते कोणी, कोणत्या हेतूने काढले आणि त्यात काय वगळले, हे तपासल्यावरच ते इतिहासाचे साधन ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. एकाच मुद्राचित्रात दोन प्रकारची साक्ष कशी असते?
२. आपल्या गावातील अथवा जवळच्या शहरातील नाट्यगृहाची आसनव्यवस्था पाहा. तिकिटाचा दर आणि रंगमंच दिसण्याची सोय यांचा संबंध दहा ओळींत लिहा.