घरात एकटं राहणारं मांजर (परिसर अभ्यास : पाळीव प्राणी)

पाळीव प्राणी हा घटक शिकवताना मांजर आपण दोन ओळींत संपवतो. दूध पितं, उंदीर पकडतं, झालं. मुलांचा प्रश्न वेगळाच असतो : "बाई, सगळे भायर गेल्यार मांजार घरात काय करता?"

आमच्या वालावलमध्ये मांजर पाळणं म्हणजे त्याला वेळेवर भात-मासे घालणं. पडवी, माळा, माडाखालची सावली, सगळं त्याचंच. पण आता बिबट्याच्या आणि गाड्यांच्या भीतीने काहीजण मांजर घरातच ठेवतात, आणि कुडाळ-मुंबईच्या ब्लॉकमध्ये तर दुसरा मार्गच नाही. अशा मांजराचं सगळं जग म्हणजे दोन खोल्या.

मांजर दिवसाचे 12 ते 16 तास झोपतं आणि पहाटे व तिन्हीसांजेला जास्त चपळ असतं. म्हणजे आपण शाळेत-कामावर असताना ते बराच वेळ झोपलेलंच असतं. अडचण एकटेपणापेक्षा शिकार नसण्याची जास्त आहे. बाहेरचं मांजर दिवसभरात लहानलहान शिकारी करतं, घरातल्याला वाटीत आयतं मिळतं. मग ते पडदे ओरबाडतं, रात्री ओरडतं.

म्हणून निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवा. शेवटी ते त्याला पकडू द्या आणि लगेच खायला घाला. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रमच आहे. दोरी मात्र आठवणीने उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते. थोडं कोरडं खाणं अंड्यांच्या ट्रेमध्ये कागदाच्या बोळ्यांखाली लपवलं तर मागाहून शोधत बसतं. ट्रे तयार करणं हा मुलांसाठी कार्यानुभवही होतो! खिडकीजवळ उंच बसायला जागा द्या, पण खिडकीला जाळी हवीच. पाणी भरपूर, वाळूचा ट्रे जेवणापासून लांब आणि रोज साफ केलेला.

दुधाचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसणीचं कालवण तर घालूच नये, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मासा साधा उकडून, काटे काढून द्यावा.

पालकांना एक स्पष्ट सांगते. मांजर अंथरुणावर मुतलं की "सूड उगवता" म्हणून त्याला मारतात, नाहीतर पिशवीत घालून मासळी बाजारात सोडतात. मांजर सूड घेत नाही. ट्रे घाण असेल, ते घाबरलं असेल किंवा आजारी असेल. बोका वारंवार ट्रेवर बसतो आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्यावर टाकलं तर जीव जाऊ शकतो. आणि उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी विनाकारण सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हे मुलांनाही माहीत असू दे.

चतुर्थीला गावी येणारे चाकरमानी विचारतात, मांजर आणू की ठेवू? मांजराला ओळखीची जागा आणि ओळखीचा वास लागतो. शेजारचं कोणी रोज येऊन खाणं-पाणी, ट्रे बघणार असेल आणि थोडा वेळ बसणार असेल, तर घरीच ठेवावं. आपली एखादी वापरलेली, न धुतलेली चादर मागे ठेवावी. शेजाऱ्याला सांगून ठेवा, एक दिवस तोंड लावलं नाही तर फोन कर. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचं यकृत बिघडू शकतं.

वर्गासाठी उपक्रम : सुट्टीच्या दिवशी दर अर्ध्या तासाने मांजर कुठे आहे आणि काय करतंय ते वहीत लिहा. सोमवारी फळ्यावर सगळ्यांच्या नोंदींचा एक तक्ता करू. ज्यांच्याकडे मांजर नाही, त्यांनी शेजारच्या बोक्यावर नजर ठेवावी.