उतरायची वाट आधी विचारा

आमची मुलगी गिर्यारोहण करते हे कळलं, की ओळखीच्या बायका हमखास विचारतात, "तुम्ही पाठवता तरी कशा हो तिला?" मुलगी सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते, मोहिमांचे पैसे स्वतःच्या पगारातून भरते. तिला पाठवणारी किंवा अडवणारी मी कोण? पण विचारणारीचा जीव मला कळतो, कारण भीतीशी माझी ओळख तिच्यापेक्षा जुनी आहे. मी नाशिकला सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. नोकरीतली बरीच वर्षं अपघात विभागात गेली. पावसाळ्यात रविवारी संध्याकाळची पाळी असली की आम्हाला ठाऊक असायचं, आज कुणीतरी डोंगरावरून येणार. शेवाळलेल्या कातळावरून घसरलेली, धबधब्याच्या डोहात पडलेली, कड्याच्या टोकाशी फोटो काढताना तोल गेलेली पोरं. त्यांच्या आया बाहेरच्या बाकावर बसलेल्या असायच्या. पोरगा कुठल्या गडावर गेला होता, त्याचं नावही त्यातल्या पुष्कळजणींना सांगता यायचं नाही.

ते मला फार लागायचं. मुलगी दोराशी खेळू लागली तेव्हा मी एवढंच ठरवलं, की ती कुठे चालली आहे, कुणाबरोबर, आणि तिथे काय बिघडू शकतं, हे मला माहीत असलं पाहिजे. काळजी कमी होईल या आशेने नव्हे. आई झाल्यावर काळजी कुठे जात नाही. पण नुसता घोर लावून घेण्यापेक्षा नीट प्रश्न विचारता आले, तर त्या काळजीचा लेकराला काही उपयोग होतो.

सुरुवात सह्याद्रीतच झाली. एका संस्थेच्या प्रस्तरारोहण शिबिराला ती गेली, आणि एक दिवस मीही भिंतीच्या पायथ्याशी जाऊन बसले. पालकांनी हे जरूर करावं. तिथे तासभर बसलात तरी संस्था कशी आहे ते कळतं. चढणाऱ्याचा हार्नेस आणि गाठ दुसरं कुणी हात लावून तपासतं का? दोर अडकवलेला अँकर एकाच बोल्टवर आहे की दोन वेगळ्या जागी बांधलाय? रॅपलिंगला सोडलेल्या दोराच्या टोकाला गाठ मारली आहे का? ती नसली आणि दोर आखूड पडला, तर उतरणारा टोकावरून सरळ खाली जातो. खाली उभे असलेल्यांच्याही डोक्यावर हेल्मेट हवं, कारण आपला बेसॉल्ट जागोजागी सुटा असतो आणि वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याचाच वेध घेतो.

आणि आग्या मोहोळ. लिंगाणा, तैलबैला, जीवधनची वानरलिंगी अशा ठिकाणी कड्यांना लागलेली ही मोहोळं साध्या ट्रेकरलाही सोडत नाहीत. दोराला लटकलेल्या माणसाला तर पळताही येत नाही. जाणत्या संस्था निघण्याआधीच बजावतात, की अत्तर नको, डिओ नको, सुगंधी तेल नको, वर धूर किंवा आरडाओरडा नको. हे न सांगता मुलांना कड्याखाली नेणाऱ्या माणसाबरोबर मी तरी माझं मूल पाठवणार नाही.

पुढे तिने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून अठ्ठावीस दिवसांचा बेसिक कोर्स केला आणि 'अ' श्रेणी मिळवली. ती मिळाली तरच पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला घेतात. बर्फावर चालणं, घसरल्यावर आइस अॅक्सने स्वतःला थांबवणं, हे सगळं तिथे शिकवतात. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. कधी थांबायचं, हे तिथे शिकवलं जातं. हिमालयात जाऊ म्हणणाऱ्या मुलाने आधी असा एखादा कोर्स करावा, हा आग्रह पालकांनी जरूर धरावा. उत्तरकाशीसारख्याच संस्था दार्जिलिंग, मनाली आणि पहलगामला आहेत. खासगी कंपन्यांच्या मानाने शुल्क कमी असतं आणि शिस्त कितीतरी जास्त.

आता मुख्य गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

लडाखमधल्या कांग यात्से-२ या शिखरावर एक व्यावसायिक कंपनी मोहीम नेत होती. शिखराची उंची सव्वासहा हजार मीटरच्या आसपास. मुलीने नाव नोंदवलं. कार्यक्रमपत्रक आमच्याही हातात आलं. त्यात गावांची आणि मुक्कामांची नावं होती, छान छान फोटो होते, पण उंचीचा एकही आकडा नव्हता. आकडे असते तर कुणालाही दिसलं असतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. दिल्लीहून विमानाने माणूस दीड तासाच्या आत तिथे उतरतो, म्हणून तिथे किमान दोन दिवस नुसता आराम करायचा असतो. यांनी एकच दिवस ठेवला होता. मार्खा खोऱ्यातलं मार्खा गाव ३,८०० मीटरच्या आसपास, निमालिंगचं पठार ४,८००च्या आसपास. मधला हांकरचा मुक्काम वगळून त्यांनी एका दिवसात हे अंतर कापायला लावलं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढू देऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं पर्वतीय वैद्यकशास्त्र सांगतं. इथे झोपायची उंची एका रात्रीत हजार मीटरने वाढली.

निमालिंगला पहिल्याच रात्री तंबूतल्या जोडीदारणीला कोरडा खोकला सुरू झाला. ती दुसऱ्या शहरातली धडधाकट मुलगी, रोज पळायला जाणारी. इथे एक सांगायला हवं, की तंदुरुस्ती उंचीपासून वाचवत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढतो आणि अडकतो. पहाटे तिला आडवं पडवेना. बसल्या जागी धाप लागत होती, चार शब्द सलग बोलता येत नव्हते, ओठ काळेनिळे पडले होते. फुफ्फुसात पाणी साठण्याची ही लक्षणं. मोहिमेचा प्रमुख म्हणाला, "डायमॉक्स दे, आराम करू दे, दुपारपर्यंत बरी होईल." डायमॉक्स शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण फुफ्फुसात पाणी साठलेल्या माणसावर तो इलाज नाही. त्याला खाली उतरवावं लागतं आणि प्राणवायू द्यावा लागतो. मोहिमेचं एकुलतं एक सिलिंडर आदल्या दिवशीच वरच्या तळाकडे रवाना झालं होतं.

आणि उतरायचं कुठून? पत्रकातली परतीची वाट कोंगमारू खिंडीतून जात होती. ती खिंड ५,२०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे निमालिंगहून घरी यायची ठरलेली वाट आधी चारशे मीटर वर चढते. श्वास घेता न येणाऱ्या माणसाला त्या वाटेने नेणं म्हणजे जिवावर बेतणं. माझ्या मुलीने प्रमुखाला सांगितलं, "मी हिला हांकरकडे उतरवते." तो म्हणाला, तू खाली गेलीस तर तुझं शिखर गेलं, तुझ्यासाठी वेगळा दिवस मिळणार नाही. ती निघाली. बरोबर एक लडाखी घोडेवाला होता. आजारी मुलीला त्याच्या घोड्यावर बसवून दोघं आल्या वाटेने खाली उतरली. पाचशे-सहाशे मीटर खाली आल्यावर ती मुलगी एक आख्खं वाक्य बोलली. पुढे गाडी मिळाली आणि ती लेहच्या रुग्णालयात पोचली. तिथल्या डॉक्टरांना उंचीचे असे रुग्ण नवे नाहीत. प्राणवायू लावला आणि ती वाचली.

हे सगळं घडत असताना इकडे आमच्या सोसायटीच्या फाटकाशी लावायचा फ्लेक्स छापून तयार होता. मुलीचा हेल्मेट घातलेला फोटो, 'कांग यात्से सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली सगळ्या शुभेच्छुकांची नावं. प्रेमाने केलं होतं सगळ्यांनी. फ्लेक्सचा फोटो ती लेहला असतानाच कुणीतरी तिला पाठवला होता. परत आल्यावर बऱ्याच दिवसांनी ती म्हणाली, "आई, घोड्यामागून चालताना तो फ्लेक्स सारखा डोळ्यांपुढे येत होता गं."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. काळजीने मूल गुदमरतं असं आपण म्हणतो, आणि ते खरंही असेल. पण डोंगरावर पालकांची काळजी कुणाला वर ढकलत नाही. अभिमान ढकलतो. हवामान बिघडलंय, वेळ उलटून गेलीय, अंगात त्राण नाही, आणि तरीही माणूस वर जात राहतो, तेव्हा त्याच्या मनात पुष्कळदा घरी वाट पाहणारं कौतुक असतं, जमवलेली देणगी असते, सत्काराची ठरलेली तारीख असते. म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की मूल सुखरूप पायथ्याशी येईपर्यंत शिखराची बातमी कुणाला देऊ नका, फ्लेक्स नको, पेढे नकोत, स्थानिक वर्तमानपत्राला आगाऊ फोटो नको. मोहिमेसाठी गावाने वर्गणी काढली असेल तर देणाऱ्यांना त्याच वेळी सांगा, की हे पैसे प्रयत्नासाठी आहेत. निघताना मुलाला तोंडाने सांगा, की अर्ध्यातून परत आलास तरी आम्हाला तेवढाच आनंद आहे. मनातल्या मनात म्हणून त्याला कळत नाही. आणि घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न "झालं का शिखर?" हा नसावा.

माझ्या मुलीचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्या उतरण्याचा. तिच्या कपाटात जी प्रमाणपत्रं आहेत, त्यांतलं एकही त्याच्या बरोबरीचं नाही.

आता व्यवहाराचं थोडं. पैसे भरण्याआधी कंपनीकडून प्रत्येक मुक्कामाची उंची लेखी मागा आणि दोन मुक्कामांतला फरक स्वतः वजा करून पाहा. प्राणवायूची सिलिंडरं किती आणि कुठल्या तंबूत असतील ते विचारा. प्रत्येक मुक्कामावरून खाली उतरायची वाट कोणती, रस्त्याला लागायला किती तास, हे विचारा. उत्तर देताना माणूस चाचरला तर समजून घ्या. प्रमुखाने कुठला कोर्स केलाय आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी घेतलंय, हेही. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. इथल्या संस्थेला ती नोंदणी दाखवायला सांगण्यात संकोच कसला?

विम्याची कागदपत्रं मुलांवर सोडू नका. घरचा आरोग्य विमा आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. साहसी खेळांबद्दलचं वगळणीचं कलम शब्दन्‌शब्द वाचा, किती उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि शोध व सुटकेचा, हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का ते पाहा. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवून मुलाच्या पिशवीत घालायचा मोह होतो. आपल्या देशात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडवतात. लडाखला जाताना पोस्टपेड सिम घ्यावं, आणि तरीही मार्खासारख्या खोऱ्यात फोन लागणार नाही हे धरूनच चालावं.

रोज फोन कर, अशी शपथ घालू नका. रेंज शोधायला मूल एखाद्या संध्याकाळी एकटंच धारेवर जाईल. त्याऐवजी एक शेवटची वेळ ठरवा. अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही, तर घरून कुणी, कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून ठेवा. त्या वेळेआधी आमच्या घरात कुणी फोन फिरवत नाही. सासूबाई देव पाण्यात घालून बसतात, मी त्यांना कधी अडवत नाही. आणि सह्याद्रीत जाणाऱ्यांसाठी अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या बचाव समन्वय केंद्राचा मदत क्रमांक तुमच्याही फोनमध्ये असू द्या. रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरणारे हे लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून येतात. वाट, गडाचं नाव आणि सोबत्यांचे क्रमांक घरी ठेवलेले असले, तर त्यांचे शोधाचे कित्येक तास वाचतात.

एवढं सगळं विचारून, तपासूनही डोंगर कुणाला हमी देत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमप्रपात झाला. त्यात माझी मुलगी जिथे शिकली त्याच संस्थेच्या अॅडव्हान्स कोर्सचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक सापडले, 29 जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन्ही शिखरं गाठली होती. उत्तम संस्था, अनुभवी प्रशिक्षक, आणि तरीही. त्या बातमीनंतर मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. मुलीशी मी त्याबद्दल बोलले, तिनेही टाळलं नाही. ज्या आईला हा धोका पत्करवत नाही तिला मी भित्री म्हणणार नाही. तिने मुलाला तसं स्पष्ट सांगावं, रडावं, भांडावंसुद्धा. पण सज्ञान मुलाचा निर्णय झाला असेल तर निघायच्या दिवशी अबोला धरू नये. रागावून मिटलेलं घर पाठीवर घेऊन चढणाऱ्याचं लक्ष पायाखाली राहत नाही.

मुलगी आता पुन्हा कांग यात्सेला जायचं म्हणते आहे. या वेळचा गट तिच्या कोर्समधल्या ओळखीचा आहे. पत्रकात लेहच्या तीन रात्री आहेत, हांकरचा मुक्काम आहे, प्रत्येक ठिकाणापुढे उंची लिहिली आहे. सिलिंडर दोन असतील असं ते म्हणतात, पण त्यातलं एक निमालिंगला कायम राहील का, या माझ्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत तिने आगाऊ रक्कम भरलेली नाही.