परदेशातील उच्च शिक्षण आणि अध्ययनपद्धतीतील अंतर

सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीमुळे ग्रामीण भागातील विद्यार्थीही आज परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेत आहेत. प्रवेशपत्र, पारपत्र, निवास यांची तयारी कसोशीने केली जाते. तेथे शिकावयाचे कसे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अध्यापक डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. सेनार, नेसफिल्ड, रिझ्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी प्रथम नामनिर्देशासह दिल्या, मग एकेक तपासली. ज्ञानकोशकार केतकरांचे श्रेय मान्य करूनही, त्यांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत, हे दाखवून दिले. आधारग्रंथाचा आदर आणि त्याची चिकित्सा या दोन गोष्टी तेथे परस्परविरोधी मानल्या जात नाहीत.

आपल्याकडील विद्यार्थ्याला सवय असते ती टिपणे उतरवून घेण्याची आणि उत्तरपत्रिकेत तीच शब्दशः लिहिण्याची. येथे त्याबद्दल गुण मिळतात. तेथे मूळ लेखकाचा उल्लेख न करता उतरविलेला परिच्छेद वाङ्मयचौर्य ठरतो. त्यासाठी शून्य गुण, प्रसंगी विद्यापीठातून निष्कासन, अशी शिक्षा होऊ शकते. हेतू प्रामाणिक होता, एवढ्याने सुटका होईलच असे नाही.

चर्चासत्रातील मौनाचेही तसेच. गुरुजनांसमोर न बोलणे हा आपला विनय. तेथील अध्यापकास वाटते, विद्यार्थी वाचून आलेला नाही. अध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारणे तर अनेकांना महिनोन्‌महिने जमत नाही. (ते न जमल्याने फारसे बिघडत नाही.)

ब्रिटनमधील गुणपद्धतीही धक्का देते. तेथे १०० पैकी ७० गुण म्हणजे सर्वोच्च श्रेणी. येथे ८५ गुण मिळविणारा विद्यार्थी ५८ गुण पाहून खचतो. शिवाय तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षाचा. सप्टेंबरात आरंभ आणि डिसेंबर-जानेवारीत पहिले निबंध सादर. रुळण्यास अवधी असा उरतच नाही.

म्हणूनच ही तयारी येथील महाविद्यालयातच व्हावयास हवी. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याकडून दोन भिन्न मतांचे ग्रंथ वाचून घ्यावेत, संदर्भांसह चार पृष्ठे लिहून घ्यावीत आणि वर्गापुढे त्यांवर प्रश्न विचारू द्यावेत. त्यास खर्च नाही. अध्यापकांनी वेळ मात्र द्यावा लागेल.

गावाचाही येथे संबंध येतो. ग्रामपंचायतीने सत्कार करून निरोप दिलेल्या मुलास अडचण कळविण्याचा संकोच वाटतो. घरी तो सांगत नाही, विद्यापीठातील सल्लागारासही सांगत नाही. निबंधासाठी वाढीव मुदत मिळू शकते. परंतु ती सामान्यतः अंतिम तारखेपूर्वी, कारण नमूद करून मागावी लागते, हे त्यास निघण्यापूर्वीच सांगितलेले बरे.