ई-मेलचे दफ्तर कसे सांभाळावे?

दफ्तर म्हटले की तुम्हाला पाठीवरची पिशवी आठवते. पण कचेरीतील कागदपत्रांच्या संग्रहालाही दफ्तरच म्हणतात. पेशव्यांच्या कारभाराचे मोडी कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले असत. ते पेशवे दफ्तर आज पुण्याच्या पुरालेखागारात आहे. कागद जपल्यामुळेच गो. स. सरदेसाई १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक पत्रांचे ४५ खंड संपादित करू शकले.

कागदाची गरज इतिहासापुरतीच नसते. आपल्या भोपाळात २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुदुर्घटना झाली. पुढे भरपाई मागताना पीडितांना राहण्याचे पुरावे आणि दवाखान्याचे कागद दाखवावे लागले. आज असा बराच पत्रव्यवहार ई-मेलने होतो. तो जपण्याच्या चार रीती पाहू.

१. छापून फाईलला लावणे : वाचायला संगणक लागत नाही, पण सोबत जोडलेल्या फाइली सुटतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुढेही उघडता आली पाहिजे आणि ती कोणाकडून, कोणाला, केव्हा गेली हे कळले पाहिजे. म्हणून छापील प्रत सोयीची असली तरी मूळ ई-मेल पुसू नये.

२. प्रत्येकाने निवडून विषयवार ठेवणे : नीट केल्यास सर्वांत उत्तम. पण कामाच्या गर्दीत हे मागे पडते आणि प्रत्येकाची निवड वेगळी असते.

३. सर्वच ठेवणे : काही हरवत नाही, पण हवे ते पत्र सापडणे कठीण होते आणि लोकांची खासगी माहिती विनाकारण साठत जाते. याउलट ठरावीक दिवसांनी सर्व आपोआप पुसले, तर नेमके वादाच्या वेळी लागणारे पत्रही जाते.

४. पदानुसार ठेवणे : अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ‘कॅपस्टोन’ ही पद्धत सुचवली. वरिष्ठ अधिकाऱ्यांची पत्रे कायम ठेवायची, इतरांची ठरलेल्या मुदतीपर्यंत. निवडीचा त्रास वाचतो. पण महत्त्वाचे पत्र एखाद्या कारकुनाच्याच खात्यात राहिले, तर ते मुदतीनंतर जाते.

मग लहान संस्थेने काय करावे? दुसरी आणि चौथी रीत एकत्र करावी. पत्रव्यवहार व्यक्तीच्या खासगी खात्यातून न करता ‘सचिव’, ‘कोषाध्यक्ष’ अशा पदाच्या खात्यातून करावा. पदाधिकारी बदलला की किल्ल्यांबरोबर ते खातेही नव्याच्या हाती द्यावे आणि पासवर्ड बदलावा. ठराव, जागा व नेमणुका यांची पत्रे कायम ठेवावीत. हिशेबाची कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत. साध्या सूचना वर्षभर. वाद चालू असेल तर त्या विषयाचे काहीही पुसू नये. वर्षातून एकदा जुनी पत्रे उघडतात का, हेही तपासावे.

काय ठेवायचे हे आधीच ठरवून लिहून ठेवलेले बरे. वाद सुरू झाल्यावर पुसलेल्या पत्राबद्दल प्रामाणिक माणसावरही संशय येतो.

स्वाध्याय : पुढील ई-मेल किती काळ ठेवाल? कारणे लिहा.
(अ) करोंदहून निघणाऱ्या सहलीची वेळ बदलल्याची सूचना.
(आ) इमारत दुरुस्तीसाठी ठेकेदाराने कबूल केलेली रक्कम.
(इ) नव्या शिक्षकांचे नेमणूकपत्र.