रोटरी इंजिनला कडक उन्हाळ्यात ऑइल कोणते?

आखाती देशांत गॅरेजकाम करणाऱ्या बांधवांकडे माझदाची आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ आली, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गाड्यांच्या इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात. रोटरच्या टोकांवरील सीलना वंगण मिळावे म्हणून पंप थोडे ऑइल आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळते. तेव्हा थोडे ऑइल कमी होणे हा बिघाड नव्हे. पातळी न पाहणे हा मात्र धोका आहे.

‘१०डब्ल्यू-४०’ मधील शेवटचा आकडा तापलेल्या ऑइलचा जाडपणा दाखवतो. मॅन्युअलच्या तक्त्यात तिथल्या तापमानाला जो ग्रेड दिला असेल, तोच घालावा. पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहण्यास गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावे. सील झिजले तर सारे इंजिन खोलावे लागते. खर्च त्याचा, पण नाव आपले जाते.