निळी माणसं अकोल्यात आली तर...?

सायन्स फिक्शनमध्ये एक जमात हमखास भेटते: बर्फाच्या ग्रहावर राहणारी माणसं. दोन हात, दोन पाय, आपल्यासारखंच डोकं. फक्त थंडी त्यांना लागत नाही. लेखक एका ओळीत सांगून मोकळा होतो की 'हे लोक थंडीसाठीच बनलेले आहेत', आणि आपण पान उलटतो.

मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. घर अकोल्याचं, हॉस्टेल अमरावतीचं. म्हणजे थंडीचा आणि माझा संबंध डिसेंबरात दोन स्वेटर चढवून चिखलदऱ्याला जाण्यापुरताच! पण हीट ट्रान्सफर शिकायला लागल्यापासून ती एक ओळ माझ्या घशाखाली उतरत नाही. 'बनलेले' म्हणजे नेमके कसे बनलेले? याचा हिशोब मांडता येतो का? येतो. आणि तो मांडला की हाती जे लागतं ते बर्फापेक्षा आपल्या वऱ्हाडाच्या उन्हाळ्याला जास्त लागू पडतं. म्हणून हा लेख. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे 'ऊष्मागतिकी' असा शब्द दिसला तरी मला घाम फुटतो. तेव्हा हीट ट्रान्सफरला मी हीट ट्रान्सफरच म्हणणार, सर आणि मॅडम यांनी सांभाळून घ्यावे!)

आधी ओळख

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'स्टार ट्रेक'मधले अँडोरियन. ते पहिल्यांदा १९६७ साली टीव्हीवर दिसले. निळी कातडी, पांढरे केस आणि डोक्यावर दोन अँटेना. पुढे 'एंटरप्राइझ' या मालिकेत (२००१-२००५) त्यांचं घर म्हणजे एक बर्फाळ चंद्र आहे असं दाखवलं.

दुसरं उदाहरण उर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीतलं. गेथेन नावाचा ग्रह, त्याचं टोपणनावच 'विंटर'. तिथला एस्त्रावेन आणि बाहेरच्या ग्रहावरून आलेला गेन्ली आय हे दोघं बर्फावरून लांबचा प्रवास करतात. रात्री एकाच तंबूत झोपायचं, तर एकाला उकडतं आणि दुसरा कुडकुडतो. शेवटी दोघंही मधलं टेंपरेचर ठरवतात आणि दोघंही थोडे थोडे त्रासात राहतात. हॉस्टेलच्या रूममध्ये कूलर लावायचा की बंद करायचा यावर भांडलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग पटेल!

आणि आपल्या मराठीत डॉ. जयंत नारळीकरांनी (१९३८-२०२५) 'हिमप्रलय' या कथेत उलटाच डाव टाकला. त्यांनी निळी माणसं आणली नाहीत, बर्फच मुंबईत आणला. माणसं तुमच्या-माझ्यासारखीच, थंडीसाठी मुळीच न बनलेली.

आता या सगळ्यांना तीन शब्दांनी तपासून पाहू. घडण, सवय आणि सोय. हे तिन्ही आपण बोलताना एकात एक मिसळतो, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

घडण: आठ सेंटिमीटरचा हिशोब

घडण म्हणजे पिढ्यान् पिढ्या जाऊन शरीराची झालेली रचना. थंड ग्रहावरच्या माणसाची घडण आपणच डिझाइन करून बघू.

आपलं शरीर नुसतं बसून असलं तरी साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं, एका जुन्या बल्बएवढी. आत ३७ अंश सेल्सिअस. समजा बाहेर उणे ६०. म्हणजे फरक ९७ अंशांचा. शरीराचा पृष्ठभाग २ चौरस मीटर धरा. चांगल्या दाट केसाळ आवरणात बहुतेक अडकलेली हवाच असते, तिची उष्णतावाहकता ०.०४ वॅट प्रति मीटर प्रति अंश घेऊ. आता शरीर जेवढं तापतं तेवढंच बाहेर जायला हवं. गुणाकार-भागाकार केला की जाडी येते ७.८ सेंटिमीटर. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत जवळजवळ आठ सेंटिमीटरची गादी! श्वासावाटे जाणारी उष्णता मी धरलेलीच नाही.

टीव्हीवरच्या अँडोरियनच्या अंगावर अशी गादी दिसत नाही. उलट त्याला अँटेना आहेत. आपण 'फिन्स' शिकलोय. मोटरसायकलच्या इंजिनावर फिन्स कशासाठी असतात? उष्णता लवकर बाहेर फेकायला. बारीक, लांब, बाहेर आलेला कुठलाही भाग म्हणजे फिनच. निसर्गाला हे ठाऊक आहे. थंड प्रदेशातल्या प्राण्यांचे कान, शेपट्या आणि पाय आखूड असतात हा ॲलनचा नियम (१८७७), आणि एकाच जातकुळीतले प्राणी थंडीत आकाराने मोठे असतात हा बर्गमनचा नियम (१८४७). मोठ्या शरीरात वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून उष्णतेची गळती कमी. त्या हिशोबाने बर्फाच्या ग्रहावरचा खरा माणूस बुटका, गोलमटोल, आखूड बोटांचा आणि बिनकानांचा असायला हवा. अँटेनावाला तर मुळीच नाही!

पाय बर्फावर टेकणार, मग ते गोठू नयेत आणि उष्णताही वाया जाऊ नये यासाठी काय? रेनडिअरच्या पायांत याचं उत्तर आहे. खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं थंड रक्त अगदी शेजारून वाहतं, त्यामुळे उष्णता पायाच्या टोकाला पोचायच्या आधीच परत फिरते. ओळखलंत ना? काउंटर-फ्लो हीट एक्स्चेंजर! आपण जर्नलमध्ये ज्याची आकृती काढतो तो यंत्राच्या कितीतरी आधी प्राण्याच्या पायात होता.

आता त्यालाच अकोल्यात आणा

घडणीची किंमत असते. ध्रुवीय अस्वल थोडं जोरात पळालं तरी त्याला उकडायला लागतं, कारण अंगावरचा कोट काढून ठेवता येत नाही.

आपला आठ सेंटिमीटरवाला पाहुणा मे महिन्यात अकोला स्टेशनवर उतरला असं समजा. हवा ४५ अंश. आता उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत यायला बघते. गादीमुळे ती हळूहळू येईल, पण त्याच गादीमुळे घाम वाळणार नाही, आणि शरीराची १०० वॉटची शेगडी तर चालूच आहे. वजन ७० किलो धरलं तर ही उष्णता तासाला दीड अंशाने त्याचा ताप वाढवेल. म्हणजे नुसता बाकावर बसून दोन तासांत तो ४० अंशांवर पोचला. आपल्यासारख्या शरीरात इथूनच उष्माघाताचा धोका सुरू होतो. आणि सामान उचलून ऑटोपर्यंत चालला तर त्याहून कितीतरी लवकर.

मग आपण कसे वाचतो? फक्त घामाने. हवा कातडीपेक्षा गरम झाली की उष्णता बाहेर टाकायचा दुसरा रस्ताच उरत नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. वऱ्हाडाची हवा कोरडी, म्हणून घाम लगेच वाळतो. इतका लगेच की आपल्याला घाम आलाच नाही असं वाटतं. शर्टावर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघांवरून तो कळतो. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचं तापमान (वेट बल्ब) २४ अंशांच्या आसपास येतं. म्हणून अकोल्यात कूलर राजा आहे आणि मुंबईत त्याला कुणी विचारत नाही.

सवय आणि सोय

आता दुसरा शब्द. सवय म्हणजे पिढ्यांची नव्हे, आठवड्यांची गोष्ट. उन्हात काम करायला लागल्यावर एक-दोन आठवड्यांत शरीर शिकतं: घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण काही आठवडे सावलीत काढले की ही सवय मोडते. आणि मुख्य गोष्ट, सवयीने आतले ३७ अंश बदलत नाहीत. बर्फातल्या इन्युइट माणसाचेही ३७ आणि आपल्या वऱ्हाडातल्या माणसाचेही ३७च. माणसामाणसांत थोडाफार फरक असतो, पण निळ्या माणसांइतकी वेगळी घडण पृथ्वीवर कुणाचीच नाही.

मग माणूस उणे तापमानात राहतो कसा? तिसऱ्या शब्दाने: सोय. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिथे पोचली. आज तिथे आपली 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन केंद्रं आहेत, आणि त्यांचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या संस्थेतून चालतो. तिथे जाणारी माणसं काही निळी नसतात. आपल्यासारख्याच गरम गावांतूनही जातात. त्यांना थरांचे कपडे, जनरेटर, गरम खोल्या आणि आधी ट्रेनिंग दिलेलं असतं. आठ सेंटिमीटरची गादी अंगावर उगवत नाही, ती गोदामातून मिळते. दुपारी बाहेर पडताना तोंडाला बांधलेला दुपट्टा, माठ, कैरीचं पन्हं, वाळ्याचे पडदे ही आपली सोय. तिला नावं ठेवू नका, ती इंजिनीअरिंगच आहे.

त्याहिले सवय हाये!

आता मुद्द्यावर येते. आपल्या हॉस्टेलमागे नवीन इमारतीचं काम चालू आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्लॅबवर माणसं असतात. मेसच्या खिडकीतून ती दिसली की कुणीतरी हटकून म्हणतं, "त्याहिले काई होत नाई राजेहो, त्याहिले सवय हाये!"

ही तीच ओळ आहे, 'हे लोक त्यासाठीच बनलेले आहेत' वाली. फरक इतकाच की कादंबरीत ती खोट्या माणसांबद्दल असते आणि इथे खऱ्या.

हिशोब मांडू. घमेली वाहणाऱ्या माणसाचं शरीर सहज ४०० वॉट उष्णता तयार करतं. तासाला १,४४० किलोज्यूल. ती काढायलाच ०.६ लिटर घाम वाळायला हवा. वरून ऊन, समोरून गरम हवा, खालून तापलेलं काँक्रीट. म्हणजे गरज तासाला एक लिटरच्या घरात. आठ तासांचे किती लिटर ते तुम्हीच सांगा. सवय झालेलं शरीर घाम चांगला गाळेल, पण पाणी कुठून आणेल? सवय पाणी तयार करत नाही, सावलीही तयार करत नाही. उलट जो कालच गावाकडून आला त्याला तर सवयही नसते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायॉशचा सल्ला असा आहे की नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातलं २० टक्केच काम द्यावं आणि रोज २० टक्के वाढवावं. आपल्याकडे पहिल्याच दिवशी पूर्ण हजेरी!

मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. आस्थापनांनी कामगारांना पुरेसं पाणी आणि पंखे द्यावेत, कोचिंग क्लासेस सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर घ्यावेत, असं त्यात होतं. म्हणजे क्लासला बसणाऱ्यांसाठी वेळ बदलता येते हे आपल्याला मान्य आहे. मग स्लॅबवर उभं राहणाऱ्यांसाठी का नाही?

माझी सूचना छोटी आहे. एन.एस.एस. युनिटने आणि हॉस्टेल कमिटीने मिळून साइटवर चार माठ आणि ओ.आर.एस.ची पाकिटं ठेवावीत; रोज माठ भरायची पाळी रूमनुसार लावावी. सिव्हिलच्या मुलांनी हिरव्या जाळीचा एक मांडव उभारून द्यावा, त्यांच्यासाठी ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि प्राचार्य सरांनी कॉन्ट्रॅक्टरशी बोलून एप्रिल-मेमध्ये कामाची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात करून घ्यावी, मजुरी न कापता.

घडण आपल्या हातात नाही, सवय अर्धीच आपल्या हातात आहे, पण सोय मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. शेवटी आपण इथे शिकायला आलो ते सोय करायलाच ना? माठांच्या पाळीत ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी मेसच्या नोटीस बोर्डावर लिहावं. पहिलं नाव मी लिहिलं आहे.