फोन काढून घेण्याआधी

पालकहो, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या फोनवर दोन मुलग्यांच्या प्रेमाचा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, दिसला की आधी फोन जप्त होतो, मग आवाज चढतात. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत हे घडतंय, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत आणि वाघोडिया रोडच्या फ्लॅटमध्येही. कळकळीने सांगते, ती पानं आधी स्वतः वाचा.

मोटो हागिओंचा ‘द हार्ट ऑफ थॉमस’ हा १९७४ सालचा मांगा. जर्मनीतल्या मुलांच्या निवासी शाळेतला युली अभ्यासात पुढे, शिस्तीत चोख. त्याच्यावर जीव लावणारा थॉमस मरतो, तरी हा चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. पोरगा दगडाच्या काळजाचा, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर थोरल्या मुलांनी त्याच्यावर अत्याचार केलेले असतात आणि आपण कुणाच्या प्रेमाच्या लायकीचे उरलो नाही, हे तो मनात धरून बसलेला असतो. घरी आजी त्याच्या वडिलांच्या ग्रीक रक्तावरून टोचत राहते. त्याला सावरतात ते ऑस्कर आणि एरिक, त्याच्याच शाळेतले मित्र.

आपल्याकडेही चांगले मार्क आणणाऱ्या, उलटून न बोलणाऱ्या मुलाला ‘तू बरा आहेस ना?’ असं कुणी विचारत नाही. त्याचं सगळं ठीकच चाललंय, असं आपण गृहीत धरतो.

अशा मांगांतलं सगळंच कोवळ्या वयासाठी नाही. काहींत उघड लैंगिक चित्रं असतात, जबरदस्तीलाच प्रेम म्हटलेलं असतं. ते दूर ठेवायलाच हवं, पण त्यासाठी मुलाशेजारी बसावं लागेल. तुला यातला कोण आवडतो, असं विचारा. उत्तर यायला आठवडा लागला तरी थांबा. असं वाचणारं प्रत्येक मूल समलिंगी नसतं. पण असलं, तर?

तर आपल्याच बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर आठवा. १९८० साली त्यांची आई गेली. १९८१ साली त्यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ रंगवलं : बाल्कनीत उभा नग्न पुरुष, खाली गाढव घेऊन निघालेले बाप-लेक. पुरुषांवरचं आपलं प्रेम त्यांनी उघडपणे मांडलं, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. लंडनच्या टेट मॉडर्नने २०१६ साली याच नावाने त्यांचं प्रदर्शन भरवलं. आईच्या हयातीत हे का जमलं नसावं, हा प्रश्न आई म्हणून मला फार लागतो.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा २०१८ साली बदलला. समलिंगी माणसाला ‘बदलून देण्याचे’ उपचार हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. तेव्हा मुलाला ‘सुधारायला’ कुठेही नेऊ नका. मूल जेवेनासं झालं, स्वतःला इजा करू लागलं, तर मात्र वेळ घालवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.

आणि त्याचा तो एकच जिवाभावाचा मित्र, त्याला ‘तुझ्या नादाने बिघडला’ म्हणून दारातून परत पाठवू नका. थांब रे, जेवूनच जा, म्हणा.